रेजिनाल्ड डेनी : मॉडेल विमानांच्या दुकानातून झेपावलेले ड्रोन

'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' हा भव्य चित्रपट १९५६ साली प्रदर्शित झाला. जगप्रदक्षिणेला निघालेला त्याचा नायक मुंबईत पोहोचतो, तेव्हा पडद्यावर काही क्षण मुंबईचा एक इंग्रज पोलीस निरीक्षक दिसतो. ती छोटीशी भूमिका करणारे रेजिनाल्ड डेनी तेव्हा वयाच्या पासष्टीच्या उंबरठ्यावर होते. मूकपटांच्या काळात त्यांचे नाव अमेरिकेत घरोघरी परिचित होते. पुढे ते चरित्र अभिनेते म्हणून ओळखले गेले. परंतु दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला जवळजवळ पंधरा हजार वैमानिकरहित विमाने पुरवणारी कंपनी याच नटाने उभारली होती, हे चित्रपटगृहात बसलेल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या कंपनीचे मूळ हॉलिवूडमधील मॉडेल विमानांच्या एका दुकानात होते.

ड्रोन हा शब्द आज लग्नाच्या चित्रीकरणापासून शेतातील फवारणीपर्यंत आणि युद्धवार्तांपासून संरक्षण करारांपर्यंत सर्वत्र कानावर पडतो. त्याचा इतिहास बहुधा लष्करी प्रयोगशाळांच्या अंगाने सांगितला जातो. त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा मात्र छंदिष्ट माणसाच्या टेबलावरून, बाल्साच्या काड्या, टाचण्या आणि गोंद यांच्या पसाऱ्यातून गेला आहे. डेनी यांचे चरित्र त्या धाग्याचे चरित्र आहे.

रंगभूमी आणि हिंदुस्थानचा दौरा

रेजिनाल्ड ली डगमोर हे त्यांचे मूळ नाव. २० नोव्हेंबर १८९१ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यातील रिचमंड येथे त्यांचा जन्म झाला. वडील डब्ल्यू. एच. डेनी हे नामांकित गायक नट होते. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांतील काही भूमिका रंगभूमीवर प्रथम त्यांनीच साकारल्या होत्या. अशा घरातील मुलाने लहानपणीच रंगमंचावर पाऊल टाकावे, हे स्वाभाविकच होते. रेजिनाल्डने वयाच्या सातव्या वर्षी पहिली भूमिका केली. शाळेत मात्र त्याचे मन रमले नाही. किशोरवयात त्याला मुष्टियुद्धाचे वेड लागले आणि ते पुढे आयुष्यभर उपयोगी पडले.

तरुणपणी डेनी मॉरिस बँडमन यांच्या संगीतिका मंडळीत गायक नट म्हणून दाखल झाले. ही मंडळी हिंदुस्थान आणि अतिपूर्वेकडील शहरांत फिरून इंग्रजी संगीतिकांचे प्रयोग करीत असे. महाराष्ट्रात त्या वेळी संगीत नाटक मंडळ्यांचा बहराचा काळ होता. गावोगाव मुक्काम करणारे बिऱ्हाड, सामानाच्या पेट्या आणि रोज रात्रीचा खेळ हे जे जीवन मराठी नट जगत होते, त्याच प्रकारचे जीवन जहाज आणि आगगाडी यांच्या आधारे बँडमन यांचे नट जगत होते. मुंबईत गिरगावाजवळ आजही उभे असलेले रॉयल ऑपेरा हाऊस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांच्या पुढाकाराने उभे राहिले. १९११ साली सम्राट पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बँडमन मंडळीतीलच अभिनेत्री आयरीन हेस्मन यांच्याशी डेनी यांचा विवाह १९१३ साली कलकत्त्यात झाला.

टेहळ्याच्या आसनावरून

पहिल्या महायुद्धात डेनी ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले. तेथे त्यांच्याकडे टेहळणी करणे आणि मशीनगन चालवणे ही कामे होती. दोन आसनी विमानात वैमानिकाच्या सोबतीने बसायचे, जमिनीवरील हालचाली टिपायच्या आणि शत्रूचे विमान चालून आले तर बंदूक चालवायची, असे ते दुहेरी काम असे. उडते लक्ष्य टिपणे किती अवघड असते, याचा अनुभव या कामात पदोपदी येतो. लक्ष्य हलत असते, आपणही हलत असतो आणि गोळी पोहोचेपर्यंत लक्ष्य पुढे सरकलेले असते. डेनी यांच्या पुढील उद्योगाशी या अनुभवाचा थेट संबंध आहे.

आणखी एक गोष्ट त्यांना या सेवेत जवळून पाहायला मिळाली. त्या काळातील बहुतेक विमाने लाकडी सांगाड्याची असत. सांगाड्यावर लिनन कापड ताणून त्यावर डोप नावाचा वार्निशसारखा लेप दिला जाई. लेप वाळला की कापड ढोलकीच्या पुडीसारखे घट्ट होई. लाकूड, कापड आणि लेप यांतून हवेवर तरंगणारे यंत्र कसे घडते, हे त्या विमानांत उघड दिसत असे. पुढे बाल्साचे मॉडेल हाती आले, तेव्हा त्याची रचना डेनी यांना परकी नव्हती. मोठ्या विमानाचाच तो लहान अवतार होता.

हॉलिवूडमधील चढउतार

युद्ध संपल्यावर डेनी यांनी अमेरिकेची वाट धरली. मुष्टियुद्धाचे कौशल्य येथे कामी आले. १९२२ पासून आलेल्या 'द लेदर पुशर्स' या मुष्टियोद्ध्याच्या जीवनावरील लघुपटमालिकेने ते लोकप्रिय झाले. युनिव्हर्सल कंपनीने त्यांना विनोदी चित्रपटांचे नायक केले. 'स्किनर्स ड्रेस सूट' हा १९२६ सालचा चित्रपट त्या यशाचा एक नमुना म्हणता येईल. या चित्रपटांत ते बहुधा नोकरी, संसार आणि हप्ते यांच्या चक्रात सापडलेला अमेरिकी तरुण रंगवीत. मिळकत वाढली, तसा उड्डाणाचा जुना नादही परत आला. त्यांनी स्वतःची विमाने बाळगली आणि हवाई कसरती करणाऱ्या वैमानिकांच्या वर्तुळात ते वावरू लागले.

मग बोलपट आला. पडद्यावर इतकी वर्षे अमेरिकी वाटणारा हा नट तोंड उघडताच अस्सल इंग्रज निघाला. परदेशात जाऊन स्थिरावलेल्या माणसाला उच्चारांमुळे आपली जागा नव्याने शोधावी लागते, तसेच येथे घडले. नायकाच्या भूमिका हळूहळू मागे पडल्या आणि सभ्य, किंचित गोंधळलेल्या इंग्रज गृहस्थाच्या दुय्यम भूमिका वाट्याला आल्या. डेनी यांनी त्या नेटाने आणि चोख केल्या. 'ॲना कॅरेनिना', 'रोमिओ अँड ज्युलिएट', हिचकॉकचा 'रेबेका' असे नावाजलेले चित्रपट या काळातील आहेत. तरीही नायकपद गेल्यावर दिवसाचे पुष्कळ तास मोकळे झाले होते.

छंद आणि दुकान

शेजारच्या एका मुलाचे मॉडेल विमान नीट उडवून देण्याच्या प्रयत्नात डेनी यांच्या हातून ते मोडले आणि तेथून त्यांना या छंदाने झपाटले, अशी हकिकत सांगितली जाते. तिचा तपशील कसाही असो, १९३४ साली त्यांनी पॉल व्हिटियर यांच्या भागीदारीत रेजिनाल्ड डेनी इंडस्ट्रीज ही संस्था काढली आणि हॉलिवूडमध्ये मॉडेल विमानांचे दुकान थाटले. 'डेनीप्लेन' हा त्यांचा संच आणि वॉल्टर रायटर या अभियंत्याने विकसित केलेले 'डेनीमाइट' हे छोटे पेट्रोल इंजिन मॉडेलप्रेमींत नावाजले.

अशा संचाच्या खोक्यात तयार विमान नसे. त्यात पूर्ण आकाराचा आराखडा, बाल्सा लाकडाच्या लांब काड्या, पातळ फळ्यांवर छापलेले फासळ्यांचे आकार, तारा आणि आवरणाचे साहित्य असे. आराखडा सपाट पाटावर पसरायचा, गोंद चिकटू नये म्हणून त्यावर मेणकागद ठेवायचा आणि रेषेबरहुकूम काड्या टाचण्यांनी अडकवून सांधे जोडायचे. धडाच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या याव्यात म्हणून एकीवर दुसरी रचून त्या बांधायच्या आणि मग आडव्या काड्यांनी जोडायच्या. पंखासाठी आधी मुख्य कणा मांडायचा, त्यावर एकेक फासळी उभी करायची आणि पुढची व मागची कड लावायची. सांगाडा पूर्ण झाल्यावर त्यावर टिश्यू कागद किंवा रेशीम चढवायचे, पाण्याच्या तुषारांनी ते ताणून घ्यायचे आणि डोपचे हात द्यायचे. लेप वाळताना पंखाला थोडा जरी नको तो पीळ बसला, तरी विमान एका बाजूला कलंडते. म्हणून लेप वाळेपर्यंत पंख पाटावर दाबून ठेवण्याचा धीर लागतो. हे काम अनेक आठवड्यांचे असते आणि त्याचा निकाल पहिल्या उड्डाणाच्या काही सेकंदांत लागतो.

मॉडेल जितके मोठे, तितका हिशेब कठीण. आकार दुप्पट केला, तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते. पण सर्व भाग त्याच प्रमाणात जाड केले तर वजन आठपट होते. म्हणून मोठे मॉडेल म्हणजे लहान मॉडेलची फुगवलेली प्रत नव्हे. कोठे लाकूड कमी करायचे, कोठे सांधा बळकट करायचा आणि तोल नेमका कोठे साधायचा, हे तेथे नव्याने ठरवावे लागते. मोठ्या मॉडेलचे फायदेही असतात. ते वाऱ्यात अधिक स्थिर राहते आणि काही वजन वाहून नेऊ शकते.

ही वजन वाहण्याची क्षमता लवकरच निर्णायक ठरली. त्या काळातील मॉडेल विमाने मुक्त उड्डाणाची असत. इंजिन सुरू करून विमान हातातून सोडले की, त्यावर कोणाचाच ताबा उरत नसे. इंधन किंवा वेळ संपला की, इंजिन थांबे आणि विमान वाऱ्याच्या मर्जीने कोठेतरी उतरे. मालक शेतांतून, रस्त्यांवरून त्याच्या मागे धावे. या विमानाला जमिनीवरून लगाम घालायचा, तर रेडिओ हवा होता. आणि रेडिओ म्हणजे त्या दिवसांत काचेच्या व्हॅक्यूम नळ्या आणि जड बॅटऱ्या. लहान मॉडेलला ते ओझे पेलणे शक्य नव्हते. मिशिगनमधील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये रेडिओने चालवलेले 'गफ' हे विमान म्हणूनच आठ फुटी पंखांचे होते. अमेरिकेतील अनेक छंदिष्ट त्या वेळी याच प्रश्नाशी झगडत होते.

मोडण्यासाठी घडवलेले विमान

डेनी यांनी या प्रश्नाला वेगळी दिशा दिली. विमानवेधी तोफांवरील सैनिकांना तेव्हा सरावासाठी कापडी नळकांडे मिळे. एखादे खरे विमान ते लांब दोरीने ओढत नेई आणि खालून त्यावर नेम धरला जाई. नळकांडे सरळ रेषेत आणि संथ जाई. खरे शत्रूविमान तसे वागत नाही. शिवाय पुढच्या विमानात जिवंत वैमानिक बसलेला असे, त्यामुळे सराव बेतानेच करावा लागे. ब्रिटनने १९३५ साली 'क्वीन बी' हे रेडिओनियंत्रित लक्ष्यविमान उडवले. 'राणीमाशी' या अर्थाच्या त्या नावावरूनच पुढे नरमाशीचा वाचक 'ड्रोन' हा शब्द रूढ झाला, असे सामान्यतः मानले जाते. मात्र ते पूर्ण आकाराचे विमान होते. दर वेळी ते पाडणे परवडणारे नव्हते. मोठ्या मॉडेलएवढे, वळणारे, सूर मारणारे आणि पडले तरी फारशी हळहळ वाटणार नाही इतके स्वस्त लक्ष्य बनवता येईल, अशी डेनी यांची धारणा होती.

१९३५ साली त्यांनी आपला पहिला नमुना अमेरिकी लष्करासमोर मांडला. लगेच मागणी आली नाही. रायटर यांची इंजिने आणि केनेथ केस यांचे रेडिओज्ञान यांच्या साहाय्याने एकामागून एक सुधारित नमुने तयार होत गेले. १९३९ मध्ये रेडिओप्लेन कंपनी स्थापन झाली आणि चौथ्या नमुन्याला अखेर लष्कराने पसंती दिली. तोच पुढे 'ओक्यू-२' या नावाने सैन्यात दाखल झाला. पाच वर्षांच्या या धडपडीत डेनी यांचा अभिनयही चालूच होता.

'ओक्यू-२'च्या पंखांचा विस्तार सुमारे सव्वाबारा फूट, वजन सुमारे ४७ किलो आणि वेग ताशी १३७ किलोमीटरच्या आसपास होता. दोन सिलिंडरच्या, सहा अश्वशक्तीच्या इंजिनावर एकामागे एक असे दोन पंखे होते आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरत. एकच पंखा असता, तर त्याच्या फिरण्याच्या प्रतिक्रियेने एवढे हलके विमान एका बाजूला मुरडले असते. दुसऱ्या पंख्याने ती मुरड रद्द केली. उड्डाण गलोलीसारख्या फेकयंत्रणेने होई. सरावातून विमान वाचलेच, तर पॅराशूट उघडून ते जमिनीवर उतरवले जाई, दुरुस्त होई आणि पुन्हा गोळीबारासमोर पाठवले जाई. नौदलाने त्याला जे सांकेतिक नाव दिले, त्याच्या तीन आद्याक्षरांत 'टार्गेट ड्रोन डेनी' असा अर्थ दडलेला होता. एका विनोदी नटाचे नाव अशा रीतीने शस्त्रसामग्रीच्या यादीत गेले.

मॉडेल बनवणाऱ्याला या यशात एक विसंगती सहज जाणवेल. आठवडे खर्चून घडवलेले विमान सुखरूप परत यावे, हीच या छंदातील प्रत्येकाची इच्छा असते. डेनी यांचे विमान पाडले जावे यासाठीच बनत होते. ते जितके अधिक पडतील, तितका तोफखान्याचा नेम पक्का. पण याच विसंगतीत त्याचे मोलही होते. पाडले जाणारे विमान रिकामे होते. जहाजांच्या डेकवर आणि सैनिकी तळांवर हजारो तरुणांनी खऱ्या विमानांना तोंड देण्यापूर्वी या लाकूड-कापडाच्या लक्ष्यांवर हात बसवून घेतला, आणि त्यासाठी कोणा वैमानिकाला जीव धोक्यात घालावा लागला नाही.

डोपचा वास आणि एक छायाचित्र

लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नायस येथील विमानतळावर रेडिओप्लेनचा कारखाना उभा राहिला. पुरुष आघाडीवर गेल्याने इतर युद्धकारखान्यांप्रमाणे येथेही स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत. त्यांतच नॉर्मा जीन डोहर्टी ही विशीही न गाठलेली विवाहिता होती. तिचा पती व्यापारी जहाजावर होता. पॅराशूटची तपासणी आणि विमानांच्या कापडी आवरणावर डोपची फवारणी अशी कामे तिच्याकडे होती. हाच लेप छंदिष्ट माणूस घरच्या टेबलावर ब्रशाने देत असे. कारखान्यात तो दिवसभर उग्र वासात फवारावा लागे.

युद्धाच्या अखेरच्या पर्वात सैन्याच्या चित्रपट विभागाने डेव्हिड कोनोव्हर या छायाचित्रकाराला युद्धकार्य करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे घेण्यासाठी तेथे पाठवले. त्याच्या कॅमेऱ्याने नॉर्मा जीनला टिपले आणि तेथून तिची मॉडेल म्हणून वाटचाल सुरू झाली. पुढे साऱ्या जगाने तिला मेरिलिन मन्रो या नावाने ओळखले. ही हकिकत इतकी प्रसिद्ध झाली की, रेडिओप्लेनचा उल्लेख आज अनेकदा केवळ तिच्या संदर्भातच येतो. तिच्या हातात छायाचित्रांत जो पंखा दिसतो, तो कोणत्या विमानाचा आणि ते विमान कोणी घडवले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

लक्ष्याचा डोळा झाला

१९५२ साली नॉर्थ्रॉप कंपनीने रेडिओप्लेन विकत घेतली. त्यानंतरच्या काही वर्षांत याच घराण्यातील लक्ष्यविमानावर कॅमेरा बसवून टेहळणीचे वैमानिकरहित विमान तयार झाले. जे यंत्र केवळ पाहिले जाण्यासाठी आणि नेम धरला जाण्यासाठी होते, ते आता स्वतः पाहू लागले. पहिल्या महायुद्धात जे काम डेनी उघड्या आसनात बसून, जीव मुठीत धरून करीत होते, तेच काम त्यांच्या विमानाच्या वंशजाने माणसाशिवाय करून दाखवले. पुढे या यंत्रांच्या हाती शस्त्रेही आली आणि त्यातून उभे राहिलेले नैतिक प्रश्न आजही सुटलेले नाहीत. माणसाला धोक्यातून बाहेर काढणारी कल्पनाच दूरवरून माणसे मारणे सोपे करू शकते. डेनी यांच्या हयातीत हे चित्र पुरते स्पष्ट झालेले नव्हते. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना आज मात्र दोन्ही बाजू नोंदवाव्या लागतात.

कंपनी हातातून गेल्यावरही डेनी यांनी अभिनय सोडला नाही. 'कॅट बलू' आणि १९६६ सालचा 'बॅटमॅन' हे त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी होत. १६ जून १९६७ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, इंग्लंडच्या भेटीवर असताना त्यांचे निधन झाले. स्थळ होते रिचमंड, त्यांचे जन्मगाव. अर्धशतकाहून अधिक काळ देशोदेशी फिरलेल्या या नटाला अखेरचा श्वास जन्मभूमीत घेता आला.

डेनी स्वतः अभियंते नव्हते. इंजिन रायटर यांचे होते, रेडिओचे ज्ञान इतरांचे होते. ज्या गोष्टीकडे जग मुलांचे खेळणे म्हणून पाहत होते, तिच्याकडे त्यांनी उपयोगाच्या दृष्टीने पाहिले, योग्य माणसे जोडली आणि फसलेल्या नमुन्यानंतर पुढचा नमुना करण्याची चिकाटी ठेवली, हे त्यांचे श्रेय. हा धीर बाल्साच्या सांगाड्यावर बसून काम करणाऱ्या प्रत्येकाला शिकावाच लागतो. डेनी यांनी तो उद्योगात नेला. ओहायो राज्यातील डेटन येथे अमेरिकी हवाई दलाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तेथे अजस्र बॉम्बफेकी विमानांच्या सहवासात एक 'ओक्यू-२' ठेवलेले आहे. बारा फुटी पंखांचे ते विमान आजही लष्करी यंत्रापेक्षा कोणा हौशी माणसाने घरी बांधलेल्या मोठ्या मॉडेलसारखेच अधिक दिसते.